सदाहरित जंगलातील अन्नजाळे आणि आपले कपाशीचे शेत

(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. परभणी जिल्हा म्हणजे काळ्या जमिनीचा, कापूस, सोयाबीन, तूर आणि ज्वारीचा मुलूख. पाऊस सरासरीने नऊशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही वेळेवर येईल याची खात्री नाही. जंगल म्हणावे असे आपल्याकडे फार थोडे. तेव्हा सह्याद्रीतल्या सदाहरित जंगलाची माहिती आपल्याला कशाला, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्तच आहे.

याची दोन कारणे आहेत. पहिले कारण पाण्याचे. आपल्या भागात जायकवाडीच्या डाव्या कालव्याने येणारे पाणी गोदावरीचे आहे. गोदावरी उगम पावते ती त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरीला, म्हणजे सह्याद्रीतच. तिला मिळणाऱ्या दारणा, प्रवरा, मुळा या नद्याही सह्याद्रीच्याच. डोंगरमाथ्यावर झाडी आणि पालापाचोळा राहिला तर पाणी मुरते आणि नद्या जास्त दिवस वाहतात. नाही तर पाण्याबरोबर मातीही धरणात येऊन बसते.

दुसरे कारण आजच्या विषयाचे आहे. या जंगलात कोणी फवारणी करीत नाही. तेथे पाने खाणाऱ्या अळ्या आहेत, रस शोषणारे किडे आहेत, खोड पोखरणारे भुंगेरे आहेत, आणि त्यांचे प्रकार आपल्या शेतातल्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत. तरीही जंगल बाराही महिने हिरवे असते. हे कसे घडते ते नीट समजून घेतले, तर कपाशीवर आणि तुरीवर होणाऱ्या खर्चाचा विचार आपण वेगळ्या नजरेने करू शकू.

सह्याद्रीतील सदाहरित जंगल

सह्याद्री, म्हणजेच पश्चिम घाट, तापीच्या दक्षिणेपासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे १,६०० किलोमीटर पसरलेला आहे. २०१२ साली युनेस्कोने या घाटातील ३९ ठिकाणांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांपैकी चार महाराष्ट्रात आहेत : कास पठार, कोयना, चांदोली आणि राधानगरी. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोली येथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे आपल्या सात-आठ वर्षांचा पाऊस तेथे एका वर्षात होतो. अशा पावसात आणि उबदार हवेत जे जंगल वाढते त्याला सदाहरित किंवा निमसदाहरित जंगल म्हणतात. अंजन, जांभूळ, हिरडा, पिसा, फणस, उंबर, नांद्रुक, भेरली माड अशी झाडे, त्यांवर चढलेल्या वेली, खाली कारवीची दाट झुडपे आणि जमिनीवर कुजणारा पाला, असे त्याचे थर असतात.

शाळेच्या पुस्तकात आपण अन्नसाखळी शिकलो. गवत नाकतोडा खातो, नाकतोड्याला बेडूक, बेडकाला साप आणि सापाला गरुड. ही सरळ साखळी समजायला सोपी, परंतु प्रत्यक्षात एक प्राणी एकाच प्रकारचे अन्न क्वचितच खातो आणि त्यालाही अनेक जण खातात. अनेक साखळ्या एकमेकींत गुंतल्या म्हणजे कोळ्याच्या जाळ्यासारखी रचना तयार होते. तिला अन्नजाळे म्हणतात. साखळीची एक कडी तुटली तर साखळी संपते. जाळ्याचा एक धागा तुटला तर बाकीचे धागे भार घेतात. मात्र एकापाठोपाठ एक धागे तुटत गेले, तर जाळेही टिकत नाही.

उंबर : जाळ्यातील मोठी गाठ

या जाळ्यातील एक झाड आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे, ते म्हणजे उंबर. नदीकाठी, विहिरीच्या थारोळ्यापाशी, देवळाजवळ हे झाड आपल्याकडेही असते. दुर्मिळ गोष्टीला आपण उंबराचे फूल म्हणतो, कारण ते कोणाला दिसत नाही. ते दिसत नाही याचे कारण असे की, आपण ज्याला फळ म्हणतो तोच फुलांचा बंद गुच्छ असतो. त्याच्या आत शेकडो बारीक फुले असतात.

ही फुले फळविण्याचे काम गांधीलमाशीच्या कुळातला, पण चिलटाएवढा एक कीटक करतो. त्याची मादी उंबराच्या तोंडाशी असलेल्या बारीक छिद्रातून आत शिरते, अंगावरचे पराग फुलांवर टाकते, काही फुलांत अंडी घालते आणि आतच मरते. अंड्यांतून निघालेली पिढी आतच वाढते. नर बाहेर पडण्यासाठी वाट कोरून देतात. नव्या माद्या पराग घेऊन बाहेर पडतात आणि दुसरे तयार उंबर शोधतात. उंबर फोडल्यावर जे किडे उडतात, त्यांत हे कीटक असतात. त्यांच्यावाचून उंबराला बी धरत नाही आणि उंबरावाचून त्यांची पिढी वाढत नाही. वड आणि पिंपळ यांचेही असेच स्वतंत्र कीटक आहेत.

या मादीचे आयुष्य फार थोडे, दोन-एक दिवसांचे असते. तेवढ्यात तिला तयार उंबर मिळाले पाहिजे. म्हणून एका भागातील उंबराची झाडे एकाच वेळी फळत नाहीत. कोणते ना कोणते झाड वर्षभर फळांवर असते. जंगलातल्या प्राण्यांना याचा मोठा आधार असतो. जांभूळ, फणस यांचा हंगाम संपला म्हणजे धनेश, आपला राज्यपक्षी हरियाल, तांबट, बुलबुल, वटवाघळे, वानरे आणि आपला राज्यप्राणी शेकरू उंबर-वडाच्या फळांवर येतात. खाली पडलेली फळे भेकर, साळिंदर आणि रानडुक्कर खातात. पक्ष्यांच्या व वटवाघळांच्या विष्ठेतून बी दूरवर पडते. एक झाड, एक चिलटाएवढा कीटक आणि त्यावर अवलंबून असलेले डझनावारी पशुपक्षी, असे हे नाते आहे.

महाधनेशाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. विणीच्या काळात याची मादी जुन्या झाडाच्या ढोलीत बसते आणि ढोलीचे तोंड आतून लिंपून घेते. फक्त एक फट उरते. नर त्या फटीतून तिला अनेक आठवडे फळे भरवितो. अशी ढोली फक्त मोठ्या, जुन्या झाडालाच असते. जुनी झाडे तोडली तर धनेशाला घर राहत नाही. धनेश गेला तर ज्या झाडांची फळे गिळण्याएवढी चोच फक्त त्याचीच आहे, त्या झाडांचे बी दूर जात नाही. म्हणजे तोड आज एका झाडाची झाली, तरी तिचा परिणाम पुढे दुसऱ्याच झाडाच्या पिढीवर होतो.

पालापाचोळा आणि न दिसणारे मजूर

जंगल एवढे हिरवे, तेव्हा तेथील जमीन फार सुपीक असेल असा आपला समज होतो. प्रत्यक्षात अशा मुसळधार पावसात अन्नद्रव्ये धुऊन जातात आणि जमीन बहुधा हलकीच राहते. जंगलाची खरी शिल्लक झाडांत आणि खाली पडलेल्या पाल्यात असते. पान गळाले की वाळवी, वाणी, गांडुळे, बुरशी आणि जिवाणू त्यावर तुटून पडतात. काही महिन्यांत ते मातीत मिसळते आणि मुळे ते अन्न पुन्हा वर ओढून घेतात. अनेक झाडांच्या मुळांवर उपयुक्त बुरशी वाढलेली असते. ती दूरवरचे स्फुरद मुळांना आणून देते आणि झाडाकडून साखर घेते.

म्हणूनच पूर्वी घाटात कुमरी शेती करणारे लोक झाडे तोडून व जाळून दोन-तीन वर्षेच पीक घेऊ शकत. पुढे जमीन थकत असे आणि त्यांना जागा बदलावी लागे. आपली काळी जमीन याहून पुष्कळ चांगली आहे. परंतु पाचट व धसकटे पेटवून आणि शेणखत कमी करून आपणही जमिनीतल्या या मजुरांची भाकरी काढून घेतो. मग त्यांचे काम पोत्यातल्या खताकडून करून घ्यावे लागते आणि त्याचा खर्च दरवर्षी वाढत जातो.

वाघ कमी का असतात

आता जाळ्याच्या वरच्या टोकाकडे येऊ. पाने खाणारा प्राणी जेवढे अन्न खातो त्यातील बहुतेक भाग हालचाल, श्वास आणि शरीराची ऊब यांत खर्च होतो. ढोबळ मानाने एका पायरीवरून पुढच्या पायरीला दहावा हिस्साच पोचतो. म्हणजे दहा हजार किलो पाल्यावर एक हजार किलो पाला खाणारे जीव, त्यांवर शंभर किलो त्यांना खाणारे आणि त्यांवर दहा किलो सर्वांत वरचे. आकडे सगळीकडे तंतोतंत असे नसतात, पण उतार याच प्रकारचा असतो.

एक वाघ वर्षाला साधारण पन्नास मोठी जनावरे मारतो. चितळ-सांबरांची संख्या कमी न होता वर्षाला एवढी जनावरे मिळायची असतील, तर त्याच्या टापूत सुमारे पाचशे जनावरांचा कळप असावा लागतो. कोयना आणि चांदोली मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तेथे वाघ वाढावेत म्हणून आधी सागरेश्वर अभयारण्यातील चितळ चांदोलीत नेऊन सोडण्यात आले. आधी चारा, मग चितळ, मग वाघ, असा हा क्रम आहे. खाणाऱ्याला टिकवायचे असेल तर त्याचे खाद्य आधी टिकवावे लागते.

बंधूंनो, हे वाक्य कृपया लक्षात ठेवा, कारण कपाशीच्या शेतात आपण नेमके याच्या उलट वागतो.

आपले शेतही एक जाळेच आहे

चार बाय दीड फुटावर कपाशी लावली तर एका एकरात ७,२६० झाडे बसतात, सगळी एकाच जातीची आणि एकाच वयाची. शेजारच्या शेतात तेच, पलीकडच्या शिवारात तेच. जंगलात एका जातीचे झाड दुसऱ्यापासून दूर असते. अळीला किंवा पतंगाला ते शोधत फिरावे लागते आणि त्या वाटेत पक्षी, कोळी, चतुर टपलेले असतात. आपण मात्र किडीसाठी शेजारी शेजारी ताटे मांडून ठेवतो. जंगलातसुद्धा जेथे एकच झाड दाट लावलेले असते तेथे हाच अनुभव येतो. सागाच्या लागवडीत पावसाळ्यात पाने खाणारी अळी येते आणि झाडांच्या फांद्याच तेवढ्या शिल्लक राहतात.

तरीही आपल्या शेतात जाळे असते. कपाशीवर मावा येतो. मावा खाण्यासाठी ढालकिडा आणि त्याच्या अळ्या येतात. हिरव्या जाळीदार पंखांच्या क्रायसोपाची अळी आपल्या आयुष्यात शेकडो मावा फस्त करते. सिरफिड माशीच्या अळ्याही तेच करतात. बोंडअळीच्या अंड्यांत ट्रायकोग्रामा हा अर्ध्या मिलिमीटरचा कीटक आपली अंडी घालतो आणि अळी जन्मण्याआधीच संपते. लहान अळ्यांवर कॅम्पोलेटिस, मोठ्या अळ्यांवर ब्रेकॉन येतात. कोळी, चतुर, बेडूक, सरडे, साळुंकी, कोतवाल, बगळे यांची गणती वेगळीच. हे सर्व जण कपाशीच्या शेतातले वाघ आहेत.

आता हिशोब पाहा. माव्याची मादी नराशिवायच पिलांना जन्म देते आणि ती पिले आठ-दहा दिवसांत पुन्हा पिले देऊ लागतात. ढालकिड्याला अंड्यापासून प्रौढ होण्यास तीन ते चार आठवडे लागतात. आपण कीड दिसताक्षणी तीव्र औषध फवारले तर दोघेही मरतात. जे वाचतात त्यांत मावा लवकर वाढतो. ढालकिड्याला मात्र दोन्हीकडून मार बसतो, एक तर औषधाचा आणि दुसरा उपासमारीचा, कारण त्याचे खाद्यच आपण संपविलेले असते. दोन आठवड्यांनी शेतात कीड असते आणि तिला खाणारे कोणी नसते. मग दुसरी फवारणी, तिसरी फवारणी, आणि मागचे औषध चालले नाही म्हणून दोन औषधांचे मिश्रण. फवारणीच्या पंपात आपण किडीबरोबर तिचा शत्रूही मारीत असतो, हे त्या घाईत लक्षात येत नाही.

म्हणून थोडी कीड शेतात असणे हे नुकसान नाही, ती मित्रकिडींची शिदोरी आहे. किती थोडी, हे संशोधनाने ठरविलेले आहे. त्यालाच आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतात. त्या पातळीच्या खाली फवारणीचा खर्च हा वाचणाऱ्या मालापेक्षा जास्त असतो.

धागे तुटल्यावर काय होते

हे केवळ तर्काने सांगत नाही. काही घटना आपल्यासमोरच घडल्या आहेत.

१९८० च्या सुमारास सिंथेटिक पायरेथ्रॉइड औषधे आपल्या देशात आली. सुरुवातीला त्यांनी कमाल केली. पण त्यांचा सरसकट वापर झाला आणि १९८७ च्या हंगामात आंध्र प्रदेशात गुंटूर व प्रकाशम जिल्ह्यांत कपाशीवरची हिरवी बोंडअळी या औषधांना दाद देईनाशी झाली. फवारण्यांवर फवारण्या करूनही पीक हातचे गेले आणि शेतकरी कर्जात बुडाले. याच औषधांच्या अतिवापराने पांढऱ्या माशीचा उपद्रव वाढतो, हेही अनेक ठिकाणी दिसून आले.

२००२ साली बीटी कापूस आला आणि हिरव्या बोंडअळीसाठीच्या फवारण्या कमी झाल्या. परंतु गुलाबी बोंडअळीने, जिला आपण शेंदरी बोंडअळीही म्हणतो, या वाणांना पचविण्याची ताकद मिळविली आणि २०१७ साली मराठवाडा व विदर्भात बोंडेच्या बोंडे किडली. ही अळी बोंडाच्या आत राहते. तेथे पक्षी पोचत नाही, औषधही पोचत नाही. मात्र तिची एक कमजोरी आहे. ती मुख्यतः कपाशीवरच जगते. फरदड घेऊन आपण तिला फेब्रुवारी-मार्चपर्यंत जेवण वाढतो. डिसेंबरअखेर, फार तर जानेवारीत, शेत मोकळे केले तर तिची उपासमार होते. येथे जाळ्याचा धागा आपणच, जाणूनबुजून तोडायचा आहे. त्याच २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर दगावले. फवारणीचा हिशोब केवळ रुपयांचा नाही, हे यावरून समजावे.

गिधाडांचे उदाहरण तर सर्वांच्या डोळ्यांसमोरचे आहे. पूर्वी गावाबाहेर मेलेले जनावर टाकले की तासाभरात गिधाडे उतरत. जनावरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध मृत जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातील पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडे शेकडा ९९ पेक्षा जास्त कमी झाली. २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली, पण गेलेली गिधाडे अजून परत आलेली नाहीत. त्यांच्या वाट्याचे खाणे मोकाट कुत्र्यांना मिळाले. एका औषधाने जाळ्याची एक मोठी गाठ सुटली.

बेडकांचेही असेच. परदेशी पाठविण्यासाठी देशातल्या भातशेतीतून बेडूक मोठ्या प्रमाणावर पकडले जात. कीड खाणारा हा प्राणी कमी होऊ लागला, तेव्हा १९८७ साली भारत सरकारने बेडकांच्या तंगड्यांची निर्यात बंद केली.

याच्या उलट, खाणारा नसलेला जीव नव्या मुलुखात आला तर काय होते, हे २०२२ साली लातूर, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांतील सोयाबीन उत्पादकांनी पाहिले. शंखी गोगलगाईंनी उगवते पीक कुरतडून टाकले आणि दुबार, तिबार पेरण्या कराव्या लागल्या. ही मोठी आफ्रिकन गोगलगाय १८४७ साली कोलकात्यात आणली गेली होती. तिच्या मूळ प्रदेशात तिला खाणारे जीव होते. ते तिच्याबरोबर आले नाहीत.

काँग्रेस गवताचे तसेच. हे गवत १९५५ साली पुण्यात प्रथम नजरेस आले आणि देशभर पसरले. गुरे त्याला तोंड लावीत नाहीत. शेवटी त्याच्या मूळ देशातून, मेक्सिकोतून, ते खाणारा भुंगा १९८० च्या दशकात भारतात आणला गेला. तो काँग्रेस गवताचीच पाने खातो. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठानेही हे मेक्सिकन भुंगे वाढवून शेतकऱ्यांना दिले आहेत. पावसाळ्यात जेथे ते टिकतात तेथे गवताची वाढ आणि फुलोरा कमी झालेला दिसतो. हरवलेला धागा पुन्हा जोडता येतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

शेतकरी बंधूंनी काय करावे

आपल्या शेताचे जंगल करा, असे मी मुळीच सांगणार नाही. आपल्याला कापूस, सोयाबीन आणि तूर पिकवायची आहे. पण जाळ्याचे थोडे धागे शेतात व बांधावर राखता येतात. त्यासाठी पुढील गोष्टी कराव्यात.

१. बांधावरची व नाल्याकाठची उंबर, वड, कडुनिंब, बाभूळ, बोर ही झाडे सरसकट तोडू नयेत. सावलीने दोन तास पिकाचे नुकसान होते हे खरे, परंतु कीड खाणाऱ्या पक्ष्यांचा मुक्काम तेथेच असतो. मात्र पहिल्या वळवाच्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी कडुनिंब, बाभूळ व बोरीवर पाला खाण्यास जमतात. तेव्हा फांद्या हलवून ते गोळा करावेत व रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत.

२. उन्हाळ्यात खोल नांगरट करावी. उघडे पडलेले कोष आणि हुमणीच्या अळ्या बगळे, कावळे, साळुंक्या वेचून खातात. नांगरामागे चालणाऱ्या पक्ष्यांना हाकलू नये.

३. कपाशीत सलग एकच पीक न घेता तूर, मूग, उडीद किंवा सोयाबीनचे आंतरपीक घ्यावे. कपाशीभोवती व मधूनमधून चवळी, मका आणि झेंडू लावावा. चवळीवर मावा लवकर येतो, त्यामागे ढालकिडे येतात आणि तेथून ते कपाशीत उतरतात. चवळीवरच्या या माव्यावर फवारणी करू नये.

४. तुरीच्या बियाण्यात थोडी ज्वारी मिसळून पेरावी. ज्वारीच्या ताटावर बसून पक्षी शेंगा पोखरणाऱ्या अळ्या टिपतात. कपाशीत एकरी आठ ते दहा पक्षी थांबे उभारावेत.

५. पेरणीनंतर पहिले दोन महिने शक्यतो रासायनिक फवारणी टाळावी. आठवड्यातून एकदा शेतात तिरपे चालत जाऊन वीस-पंचवीस झाडे तपासावीत. तुडतुडे पानामागे दोन ते तीन, फुलकिडे दहा आणि पांढरी माशी आठ ते दहा या पातळीपर्यंत थांबावे. तपासताना कीड मोजावी तशी मित्रकीडही मोजावी.

६. गरज भासल्यास प्रथम पाच टक्के निंबोळी अर्क वापरावा. अंडी घालणारे पतंग दिसू लागताच हेक्टरी दीड लाख अंडी असलेली ट्रायकोकार्डे पानांच्या खालच्या बाजूस लावावीत. त्यानंतर काही दिवस तीव्र औषध फवारू नये, नाही तर कार्डाचा खर्च वाया जातो.

७. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावावेत. सलग तीन रात्री सापळ्यात सरासरी आठ पतंग आले किंवा दहा टक्के फुले-बोंडे किडकी आढळली, तरच शिफारशीतील औषध निवडावे. औषधांचे मिश्रण आपल्या मनाने करू नये. फवारणी करताना हातमोजे, तोंडावर मुसके व अंगभर कपडे वापरावेत आणि वाऱ्याच्या दिशेकडे तोंड करून फवारू नये.

८. फरदड घेऊ नये. पऱ्हाटीचे ढीग बांधावर रचून ठेवू नयेत, कारण त्यातील किडक्या बोंडांत अळी झोपून राहते. पऱ्हाटी यंत्राने बारीक करून कंपोस्ट करावी. पाचट, धसकटे जाळण्याऐवजी कुजवावीत.

९. धामण आणि गव्हाणी घुबड यांना मारू नये. हे दोघेही उंदरांवर जगतात. घुबड अशुभ आहे ही समजूत सोडून द्यावी. ज्याच्या गोठ्यात घुबड राहते त्याच्या धान्याची राखण फुकट होते.

हे उपाय एका शेतकऱ्याने केले तर थोडा फायदा होतो, पण पतंगाला बांध कळत नाही. म्हणून निदान एका शिवारातील सर्वांनी मिळून करावेत. फरदड बंद करणे आणि हुमणीचे भुंगेरे गोळा करणे ही कामे तर गावाने एकाच वेळी केल्याशिवाय साधत नाहीत.

पहिल्याच वर्षी फवारण्या निम्म्यावर येतील असे आश्वासन मी देत नाही. अनेक वर्षे फवारलेल्या शेतात मित्रकिडी परत येण्यास दोन-तीन हंगाम लागू शकतात, आणि एखाद्या वर्षी हवामान किडीला फारच अनुकूल असले तर औषध वापरावेच लागेल. म्हणून सगळ्या शेतावर प्रयोग न करता एक एकर निराळे काढावे. त्यातील फवारण्या, मजुरी, औषधाचा खर्च आणि वेचलेला कापूस यांची वहीत नोंद ठेवावी आणि उरलेल्या शेताशी तुलना करावी. वही जे सांगेल त्यावर विश्वास ठेवावा.

येत्या हंगामात कपाशीच्या पानामागे मावा दिसला, तर पंप खांद्याला लावण्यापूर्वी पाच मिनिटे त्याच झाडापाशी थांबावे. त्या पानावर ढालकिडा आहे का, देठावर धाग्यासारख्या दांडीवर क्रायसोपाची अंडी आहेत का, हे पाहावे. असतील तर आठवडाभर वाट पाहावी आणि पुन्हा मोजावे. ज्यांना मित्रकिडी ओळखता येत नाहीत त्यांनी पान तोडून डबीत घालून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागात दाखवावे. तेथे त्या आनंदाने ओळखून दिल्या जातील.

 आपले प्रश्न असतील तर जरूर विचारावेत.